क्विंटल आणि खंडी

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात दिवाळीनंतर चार माणसे एकत्र बसली की त्यांच्या बोलण्यात एक शब्द हटकून येतो. ‘औंदा एकरी किती क्विंटल उतरला?’ या प्रश्नात पावसाची, पेरणीची, बोंडअळीची, कर्जाची आणि मुलीच्या लग्नाची सगळी चौकशी सामावलेली असते. प्रश्न विचारणाऱ्यास तो शब्द परका वाटत नाही आणि उत्तर देणाऱ्यासही वाटत नाही. तरी तो शब्द मराठी नव्हे, संस्कृत नव्हे आणि इंग्रजांनी जाताना मागे ठेविलेलाही नव्हे. आपल्या बाजारात त्याने ठाण मांडले त्याला सात दशकेही झालेली नाहीत. एवढ्या अल्पावकाशात जो शब्द शेतकऱ्याच्या सुखदुःखाचे माप बनला, त्याचे कुळ आणि कर्तृत्व यांची चौकशी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम अर्थ. क्विंटल म्हणजे शंभर किलोग्रॅम. दहा क्विंटलांचा एक टन. व्याख्या एवढीच. परंतु शब्दाचा प्रवास मात्र मोठा मनोरंजक आहे. लॅटिन भाषेत शंभरास ‘केंतुम’ म्हणत. त्यावरून शंभराच्या गटास ‘केंतेनारिउम’ असे नाव पडले. रोमचे साम्राज्य पूर्वेकडे विस्तारले तेव्हा हा शब्द ग्रीकांच्या मुखी गेला, तेथून सिरियाच्या वाटेने अरबांकडे आला आणि ‘किंतार’ झाला. अरबी भाषेत त्यास विपुल संपत्तीचा अर्थही चिकटला, आणि कुराणातही तो शब्द त्याच अर्थाने आला आहे. पुढे भूमध्य समुद्रावरील व्यापार अरबांच्या हाती असता युरोपातील व्यापाऱ्यांनी हाच शब्द त्यांच्याकडून परत उचलला आणि ‘क्विंताल’ असे त्याचे रूप केले. स्वतःच्याच घरचा शब्द परक्याकडून उसना घेण्याचा हा प्रकार भाषेच्या इतिहासात अपूर्व नसला तरी गंमतीचा खराच.

हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरही हा शब्द दशमान पद्धतीबरोबर प्रथम आला असे नव्हे. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकाच्या आरंभापासून मलबारची मिरी ‘किंताल’ या मापानेच गलबतात भरीत असत. मात्र तो किंताल आजच्या क्विंटलाच्या साठ टक्क्यांहूनही थोडा कमीच भरे. फ्रान्समधील क्रांतिपूर्व क्विंटल शंभर ‘लिव्र’चा, म्हणजे सुमारे ४९ किलोग्रॅमचा होता. इंग्रजांच्या व्यवहारात शंभराचा म्हणविणारा ‘हंड्रेडवेट’ प्रत्यक्षात ११२ पौंडांचा असे. तात्पर्य, नाव शंभराचे आणि वजन ज्याच्या त्याच्या सोयीचे, अशीच या शब्दाची कित्येक शतके गेली. शंभर म्हणजे खरोखरच शंभर, आणि ते सर्वत्र सारखेच, ही गोष्ट फ्रेंच राज्यक्रांतीनंतर घडली. १७८९ साली फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून राजाकडे ज्या तक्रारींच्या वह्या गेल्या, त्यांत वजनमापांच्या गोंधळाची तक्रार पुनःपुन्हा येते. सरदार आपला धान्यरूपी कर वाढत्या मापाने वसूल करतात, हे त्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे होते. १७९५ च्या कायद्याने दशमान पद्धतीचा पाया घातला गेला आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमचा प्रमाणभूत किलोग्रॅम पॅरिसच्या दफ्तरखान्यात ठेवण्यात आला. ज्या पद्धतीस आपण शास्त्रज्ञांची देणगी समजतो, तिच्या मुळाशी शेतकऱ्याचे रडगाणे होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडेही तक्रार जुनीच होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘पौतवाध्यक्ष’ म्हणून वजनमापांचा एक स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. वजने लोखंडाची असावीत किंवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत. पाण्याने जी वाढत नाहीत व उष्णतेने जी घटत नाहीत अशीच असावीत, असा त्याचा दंडक आहे. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु त्याच प्रकरणात द्रोण या मापाचे चार प्रकार दिलेले आढळतात. राजाच्या भांडारात धान्य घेण्याचा द्रोण २०० पलांचा. बाजारातील व्यवहाराचा १८७॥ पलांचा. भांडारातून वेतनादाखल द्यावयाचा १७५ पलांचा. आणि अंतःपुराकडे द्यावयाचा १६२॥ पलांचा. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप ही केवळ दुकानदाराची लबाडी नव्हती. राज्यशास्त्राने ती नियमबद्धच करून ठेविली होती. मापाचा प्रश्न हा सत्तेचा प्रश्न आहे, हे सांगावयास यापेक्षा स्पष्ट पुरावा तो कोणता हवा?

वऱ्हाडात व एकंदर महाराष्ट्रात धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची चाल अधिक. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक आमच्या वडील पिढीने शाळेत घोकले होते. त्याखाली अदशेर, पावशेर, नवटाक, छटाक आणि सोनाराकडे तोळा, मासा, गुंज. ही मापे आज व्यवहारातून गेली, पण भाषेतून गेली नाहीत. प्रकृती अजून ‘तोळामासा’ असते, शेरास अजून सव्वाशेर भेटतो, कामे ‘खंडीभर’ साचतात आणि एखादा माणूस दुसऱ्याच्या ‘पासंगालाही’ पुरत नाही. यवतमाळच्या भाजीबाजारात आजही ‘पावशेर मिरच्या द्या’ असे म्हणणारी गृहिणी २५० ग्रॅम मिरच्या घेऊन येते आणि ग्राहक व विक्रेती या दोघींच्याही ध्यानात विसंगती येत नाही. सराफाच्या पेढीवर तर याहून मोठा चमत्कार आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज तोळा म्हणून जे बोलले जाते ते दहा ग्रॅम. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या आणि नातसुनेच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या यांत आठ ग्रॅमांहून अधिक अंतर आहे, हे फार थोड्या घरांत ठाऊक असेल.

या जुन्या पद्धतीत गोंधळ किती होता, याचे एक उदाहरण पुरे आहे. १९२० च्या दशकात पूर्व खानदेशातील एकोणीस गावांची पाहणी झाली, तेव्हा मणाची तेरा निरनिराळी मूल्ये आढळून आली. लहानात लहान मण साडेएकवीस शेरांचा आणि मोठ्यात मोठा ऐंशी शेरांचा! प्रांतवार पाहिले तर बंगाली मण ८२ पौंडांहून किंचित अधिक, मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा. अशा स्थितीत ‘मणाचा भाव काय?’ या प्रश्नाचे उत्तर ऐकणाऱ्यास काहीच कळत नसे. सांगणाऱ्यास मात्र सर्व काही कळत असे. या अज्ञानावर व ज्ञानावर एका वर्गाचे बुडणे आणि दुसऱ्याचे तरणे अवलंबून होते.

तथापि जुन्या व्यवस्थेची एक बाजू न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. कंपनी सरकारने १८३३ च्या नियमाने तोळा १८० ग्रेनचा ठरविला, आणि १८३५ पासून सर्व मुलखात चालू झालेला चांदीचा रुपयाही बरोबर तितक्याच वजनाचा होता. ऐंशी तोळ्यांचा एक शेर, म्हणजे ऐंशी रुपयांचा एक शेर. याचा अर्थ असा की ज्याच्या घरी रोकड होती, त्याच्या घरी प्रमाणभूत वजनही होते. वाण्याचा शेर खरा की खोटा, हे रुपये दुसऱ्या पारड्यात टाकून कोणासही पाहता येत असे. नाणे हेच वजन आणि वजन हेच नाणे, अशी ती सोय होती. अर्थात ऐंशी रुपये रोख ज्याच्याजवळ कधी एकत्र आलेच नाहीत, त्यास या सोयीचा उपयोग नव्हता. आणि वऱ्हाडातील बहुतेक कुणबी त्याच वर्गात मोडत. परंतु माप पारखण्याचे साधन समाजात विखुरलेले होते, ही गोष्ट लक्षणीय होय. तिचे महत्त्व पुढे दिसेल.

आता कापसाकडे वळू. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस एकाएकी जागतिक महत्त्व आले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी ‘वणी’ या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाड व मध्यप्रांत यांसाठी खास कापूस-कमिशनर नेमण्यात आला, रेल्वेचे फाटे काढण्यात आले, आणि १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करण्यास स्वतः गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो आले.

याच लॉर्ड मेयोच्या कारकीर्दीत एक विलक्षण गोष्ट घडली, ती इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाही. १८७१ च्या वजनमापांच्या कायद्याने सरकारने असे ठरविले की हिंदुस्थानचा प्रमाणभूत शेर फ्रान्सच्या किलोग्रॅमइतका असावा. नाव आपले, वजन दशमान पद्धतीचे! पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत अंदमान बेटात मेयोची हत्या झाली आणि तो कायदा कागदावरच राहिला. तो अमलात आला असता तर क्विंटल हा शब्द कदाचित आपल्याकडे आलाच नसता. शंभर शेरांस आपण काही देशी नाव दिले असते. पण किलोग्रॅम येण्यास पुढे ८५ वर्षांहून अधिक काळ जावा लागला. कापूस नेण्याचा मार्ग तत्काळ तयार झाला, कापूस खरा तोलण्याचा कायदा तेवढा पडून राहिला. यातील तारतम्य वाचकांनीच पाहावे.

पण गरज मात्र राहिलीच. खेड्यातून कापसाची गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्यास बाजारात कोणाकोणाचे देणे लागत असे, याची यादी मोठी आहे. अडत्याची अडत, तोलणाऱ्याची तोलाई, हमालाची हमाली, धर्मादायाच्या नावाने काही, आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘कडता’. कापसात ओल आहे, माती आहे, पोत्याचे वजन आहे, असे काहीतरी कारण सांगून वजनातून सरसकट जी तूट धरावयाची, ती कडता. पैशाच्या रूपाने जे घेतले जाई ते निदान डोळ्यांस दिसत तरी असे. वजनातून जे जाई ते दिसतही नसे. खुल्या बाजाराची व्यवस्था लावण्यासाठी १८८६ साली कारंजा येथे जो कापसाचा बाजार नियंत्रणाखाली आणला, तो हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार समजला जातो; आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढे देशभर ज्या बाजार समित्या निघाल्या, त्यांची आजी ही आपल्या वऱ्हाडातली. मँचेस्टरला स्वच्छ कापूस स्वस्तात मिळावा हा त्यातील एक हेतु होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मूळ हेतु कोणताही असो, बाजारात एक मान्य काटा असावा आणि त्यावर व्यापाऱ्याव्यतिरिक्त कोणाची तरी देखरेख असावी, हे तत्त्व या कायद्याने प्रथम रुजविले, यात शंका नाही.

या सर्व काळात कापसाचे माप होते खंडी. अठ्ठावीस पौंडांच्या मुंबई मणाने अठ्ठावीस मण, म्हणजे ७८४ पौंड, ही मुंबईच्या कापूस बाजारातील खंडी. आजच्या हिशेबाने ती ३५५.६२ किलोग्रॅम होते. कोष्टकातील वीस मणांच्या खंडीशी तिचा नावापुरताच संबंध. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली, कारण खंडी मेली नाही; ती आजही जिवंत आहे, आणि तिच्या जिवंतपणातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

स्वातंत्र्यानंतर नाणी व वजनमापे यांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. फणींद्रनाथ सेठ व प्रा. महालनोबिस यांच्यासारख्या पुरस्कर्त्यांनी दशमान पद्धतीसाठी दीर्घकाळ प्रचार केला होता आणि पंडित नेहरूंचा तिला पाठिंबा होता. १९५६ च्या अखेरीस वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत व व्यवहारांत किलोग्रॅम सुरू झाला आणि १ एप्रिल १९६२ पासून देशात वजनाची दुसरी पद्धती कायद्याने उरली नाही. याच सुमारास यवतमाळ जिल्ह्याचे राज्यही दोनदा बदलले. १९५६ च्या नोव्हेंबरात मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबईत आणि १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात. राज्य, नाणे आणि वजन या तिन्ही गोष्टी पाचसहा वर्षांत पालटण्याचा अनुभव फार थोड्या पिढ्यांच्या वाट्यास येतो.

शेर ९३३ ग्रॅमचा आणि किलो हजार ग्रॅमचा, म्हणजे घरगुती व्यवहारात फरक सात टक्क्यांचा. तो पचविणे गृहिणींस कठीण गेले नाही. मणाच्या जागी मात्र तितके सोयीचे काही नव्हते. एक क्विंटल म्हणजे दोन मण सत्तावीस शेर आणि वर थोडे. या हिशेबाने जुना भाव नव्यात बसविणे हे लिहिता-वाचता येणाऱ्यासही सोपे नव्हते, मग निरक्षर शेतकऱ्याची गोष्ट दूरच. तरीही क्विंटल रुजला, आणि लवकर रुजला. याचे कारण आमच्या मते असे की त्यास एक शरीर मिळाले. ते शरीर म्हणजे पोते. तागाच्या मोठ्या पोत्यात शंभर किलो धान्य बसे. म्हणून पोते म्हणजे क्विंटल आणि क्विंटल म्हणजे पोते, असे समीकरण खेड्यात झाले. आकडा डोळ्यांस दिसू लागला की तो माणसाचा होतो.

मात्र हे शरीर दुसऱ्या एका शरीराने उचलावयाचे होते, हेही विसरता कामा नये. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन गाडीवर चढणारा हमाल हा क्विंटलाचा अर्थ जितका जाणत होता, तितका कोणताही शास्त्रज्ञ जाणत नसेल. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने वाहावयाच्या ओझ्याविषयी ५५ किलोची मर्यादा सुचविली होती. आता बहुतेक पोती पन्नास किलोंची असतात. क्विंटल दोन पोत्यांत विभागला गेला, हा वजनमापांच्या इतिहासातील एक मानवी सुधारणेचा टप्पा आहे. तो कोणत्याही कोष्टकात लिहिलेला नाही.

मौज अशी की शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय एकक-पद्धतीत क्विंटलास स्थान नाही. तेथे किलोग्रॅम आहे आणि सोय म्हणून टन मान्य केला आहे. मधला क्विंटल गाळला आहे. खुद्द किलोग्रॅमही आता धातूच्या गोळ्यावर अवलंबून राहिला नाही. २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून केली जाते. भारताकडे पॅरिसच्या मूळ किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत आहे, ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत असते. ज्या एककास शास्त्राने वगळले, त्याच एककात हिंदुस्थान सरकार दरवर्षी शेतमालाचे हमीभाव जाहीर करते आणि त्याच एककात आमचा शेतकरी आपले नशीब मोजतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी कापसाचा हमीभाव मध्यम धाग्यास क्विंटलास ७,१२१ रुपये व लांब धाग्यास ७,५२१ रुपये होता, हे यवतमाळात शाळकरी मुलासही पाठ असावयाचे.

आता मर्माच्या गोष्टीकडे येऊ. शेतकरी कापूस विकतो तो क्विंटलाने. परंतु तोच कापूस जिनिंगमध्ये जाऊन सरकी वेगळी झाली आणि रुई निघाली, की त्या रुईचा भाव बोलला जातो खंडीने! तीच जुनी मुंबईची, ७८४ पौंडांची खंडी. आज तिला ३५६ किलो म्हणतात इतकेच. रुईची गाठ मोजली जाते १७० किलोंची; एके काळी सरकारी आकडेवारी ४०० पौंडांच्या गाठींत असे. परदेशच्या बाजारात हाच भाव पौंडामागे सेंटांत सांगतात. म्हणजे एकाच बोंडातून निघालेला कापूस घाटंजीच्या शेतकऱ्याच्या तोंडी क्विंटल असतो, जिनवाल्याच्या वहीत खंडी असतो, सरकारच्या अहवालात गाठ असतो आणि न्यूयॉर्कच्या बाजारात पौंड असतो. कायद्याने वजन एक केले. व्यवहाराने ते पुन्हा चार केले.

याने बिघडले काय, असे कोणी विचारील. एक हिशेब करून पाहू. समजा रुईचा भाव खंडीस ५४,००० रुपये आहे. म्हणजे किलोस सुमारे १५२ रुपये. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघाली, तर तिची किंमत ५,१६० रुपयांच्या आसपास होते. उरलेल्यापैकी ६४ किलो सरकी धरली आणि तिचा भाव किलोस ३० रुपये धरला, तर १,९२० रुपये त्यात मिळतात. दोन्हींची बेरीज ७,०८० रुपये; यातून जिनिंगचा, वाहतुकीचा खर्च व व्यापाऱ्याचा नफा वजा जाता जे उरेल तो शेतकऱ्याचा न्याय्य भाव. हिशेब एवढाच आहे आणि तो मॅट्रिकच्या मुलास यावा असा आहे. पण यात ३४ हा आकडा आला कोठून? त्यास बाजारात ‘उतारा’ म्हणतात. उतारा ३५ धरला तर क्विंटलामागे सुमारे १२० रुपयांची भर पडते. ३३ धरला तर तितकीच घट. एक खंडी रुई होण्यास ३४ च्या उताऱ्याने साडेदहा क्विंटलांच्या जवळपास कापूस लागतो. हा उतारा शेतकऱ्यास दिसत नाही, कारण त्याचा कापूस जिनमध्ये जाईपर्यंत तो घरी परतलेला असतो. त्याप्रमाणेच ओलाव्याचे. सरकारी खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा पूर्ण भावास पात्र, बारापर्यंत त्या प्रमाणात कपात आणि त्यापुढे नकार, असा नियम आहे. नियम वाजवी आहे. परंतु ओलावा मोजणारे यंत्र शेतकऱ्याच्या हाती नसते. जुना कडता अंदाजाने धरला जाई, आता तो यंत्राने धरला जातो. सुधारणा झाली हे खरे. पण यंत्राचा आकडा वाचून त्यावर प्रश्न विचारण्याचे धैर्य व ज्ञान ज्याच्यापाशी नाही, त्यास दोन्ही सारखेच.

मागे चांदीच्या रुपयाची गोष्ट सांगितली तिचे महत्त्व येथे कळेल. माप खरे असणे ही एक गोष्ट, आणि ते खरे आहे हे ज्याच्यावर ते लागू होते त्यास स्वतः पडताळता येणे ही दुसरी गोष्ट. पहिल्या गोष्टीत आपण अपूर्व प्रगती केली. वजनांवर सरकारी छाप आहे, ठराविक मुदतीने तपासणी आहे, २००९ चा वैधमापनाचा कायदा आहे, गाडी भरलेली व रिकामी तोलणारे मोठे वजनकाटे आहेत. दुसऱ्या गोष्टीत मात्र आपण फारसे पुढे गेलो आहोत असे म्हणवत नाही. पूर्वी शेतकऱ्यास मण कळत नसे. आज त्यास क्विंटल पुरता कळतो. कळत नाही ती क्विंटलापासून खंडीपर्यंतची वाट. लुबाडणुकीची जागा काट्यावरून हिशेबात सरकली आहे.

महाराष्ट्र सरकारने १९७१ चा कायदा करून पुढील वर्षी एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली, तेव्हा हीच वाट मोकळी करण्याचा तो एक प्रयत्न होता. सरकारने कापूस घ्यावा, तोच पिंजावा, रुई विकावी आणि जादा मिळाले तर ते शेतकऱ्यास परत द्यावे, ही कल्पना मोठी होती. सुमारे तीस वर्षे ती कशीबशी चालली आणि तोट्याच्या भाराखाली मोडली. तिच्या गुणदोषांची चर्चा हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. येथे इतकेच नमूद करावयाचे की योजना गेल्यावर क्विंटल शेतकऱ्याकडे राहिला आणि खंडी बाजाराकडे गेली. गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या जिल्ह्याचे नाव देशाच्या वर्तमानपत्रांत ज्या कारणाने पुनःपुन्हा छापून आले, ते सांगण्याची आवश्यकता नाही. त्या दुःखाची कारणे अनेक आहेत. पाऊस आहे, बियाणे आहे, सावकार आहे, जगाचा बाजार आहे. एका वजनाच्या शब्दावर त्याचे खापर फोडणे पोरकटपणाचे होईल. परंतु आपल्या मालाची अखेरची किंमत ज्या मापात ठरते ते माप ज्यास परके आहे, तो मनुष्य व्यवहारात सदैव दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहतो, आणि असे परावलंबन मनुष्यास आतून खचविते, हे म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

या बाबतीत सुशिक्षित वर्गाचे काही कर्तव्य आहे काय? आहे, आणि ते फार अवघड नाही. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथील शाळा-महाविद्यालयांतून हजारो शेतकऱ्यांची मुले शिकत आहेत. अंकगणिताच्या तासाला आगगाड्यांच्या वेगाची आणि हौदात पाणी सोडणाऱ्या नळांची उदाहरणे ती सोडवितात. त्यांस खंडीच्या भावावरून क्विंटलाचा भाव काढण्याचे एक उदाहरण कोणी घालीत नाही! उतारा म्हणजे काय, ओलाव्याची कपात कशी मोजतात, सरकीचा भाव का पाहावयाचा, हे त्या मुलास शाळेत कळले तर दिवाळीनंतर बापाबरोबर बाजारात जाताना तो केवळ बैलांचा कासरा धरणारा राहणार नाही. बाजार समित्यांनी फळ्यावर कापसाच्या भावाशेजारी रुईचा व सरकीचा भावही किलोच्या एकाच मापात लिहावा, ही सूचनाही खर्चाची नाही. खडूच्या दोन ओळी अधिक लागतील.

क्विंटल या शब्दाचे मूळ शंभर या संख्येत आहे. त्याने दोन सहस्र वर्षांत कित्येक भाषा पाहिल्या, कित्येक लबाड्या पाहिल्या, आणि अखेर तो खराखुरा शंभर झाला. वजन खरे करण्याचे काम फ्रान्सच्या शेतकऱ्यांच्या तक्रारींपासून कारंजाच्या बाजारापर्यंत आणि तेथून १९५६ च्या कायद्यापर्यंत पुष्कळांनी मिळून केले. हिशेब खरा करण्याचे काम अजून व्हावयाचे आहे. आणि ते दिल्लीच्या प्रयोगशाळेत होणार नाही, घाटंजी-राळेगावच्या बाजारातच ते करावे लागेल.